मन बदलण्याची आगाऊ नोटीस

गेल्या कार्तिकात एक विणकर आमच्या कचेरीत आला. वारासिवनी हे गाव या मासिकाच्या किनाऱ्याकडील वाचकांना नकाशात शोधावे लागेल, म्हणून सांगतो. मध्यप्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात हे हातमागाचे गाव आहे. साड्यांसाठी त्याचा लौकिक आहे. १९५६ पर्यंत आमचे उच्च न्यायालय नागपुरास होते, राज्यपुनर्रचनेनंतर ते जबलपुरास आले. घरातली मराठी मात्र न्यायालयाबरोबर गेली नाही.

विणकर पंचेचाळिशीचा असावा. बसा म्हटले तरी उभाच राहिला. म्हणाला, "वकीलसाहेब, बदल करायचा आहे. अर्ज कुणाकडे द्यायचा?"

आम्ही विचारले, "कशात बदल? नावात की खसऱ्यात?"

"माझ्यात," तो म्हणाला.

थट्टा करण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. वीस वर्षे हा मनुष्य दारू पीत होता. माग विकला, बायकोच्या अंगावरचे विकले, शेवटी दुसऱ्याच्या मागावर मजुरीने बसू लागला. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका घरात रविवारी प्रार्थना होई तेथे तो जाऊन बसू लागला, आणि त्यानंतर त्याने दारूला स्पर्श केलेला नाही. आता त्याला बाप्तिस्मा घ्यावयाचा होता. पाळकाने सांगितले की, आधी कलेक्टरसाहेबांकडे कागद गेला पाहिजे, नाहीतर तूही अडकशील आणि मीही. तो कागद कसा लिहावयाचा हे विचारण्यास तो आला होता.

ही हकीकत आम्ही आमच्याच मंदिरमंडळींपैकी एका सद्गृहस्थांस, नावगाव न सांगता, सांगितली. ते सज्जन आहेत, दानशूर आहेत, उत्सवाच्या पंगतीत स्वतः वाढतात. ते म्हणाले, "अहो, सुधारायचेच तर आहे तेथे राहून सुधारता येत नाही काय? देव का निराळा आहे?" सभामंडपात बसलेल्या चौघांनी माना डोलावल्या. आमचीही मान अर्धवट हलली, हे कबूल केले पाहिजे. मग रात्रभर तो प्रश्न आम्हांस टोचत राहिला. प्रश्न उदार दिसतो, पण तो उत्तर ऐकण्यासाठी विचारलेला नसतो. त्या विणकराला आम्हांपैकी कोणीही तो त्याच्या तोंडावर विचारला नव्हता.

आम्ही देवळात जाणारे आहोत. धर्म बदलण्याची इच्छा आम्हांस कधी झालेली नाही आणि कोणी बदलावा असा उपदेशही आम्ही करीत नाही. परंतु एखाद्या मनुष्यास आपण निराळे व्हावे असे वाटले, तर त्या वाटण्यावर सरकारने आणि समाजाने पहारा बसवावा काय, हा प्रश्न देवळात जाणाऱ्यालाही चुकत नाही. किंबहुना त्यालाच तो आधी पडला पाहिजे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. मध्यप्रदेशाच्या २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य अधिनियमाचे दहावे कलम सांगते की, ज्यास धर्म बदलण्याची इच्छा आहे त्याने साठ दिवस आधी जिल्हादंडाधिकाऱ्याकडे घोषणापत्र द्यावे, आणि आपण हे स्वेच्छेने, बळ, दडपण, गैरवाजवी प्रभाव अथवा प्रलोभन यांवाचून करू इच्छितो असे त्यात लिहावे. विधी करविणाऱ्या पाळकानेही साठ दिवस आधी कळवावयाचे. न कळविल्यास त्यास तीन ते पाच वर्षांचा कारावास. याआधी १९६८ चा कायदा होता. त्यात सूचना द्यावयाची ती विधी झाल्यानंतर, आणि तीही विधी करणाऱ्याने. म्हणजे जुन्या सरकारला घडलेली गोष्ट कळवून घ्यावयाची होती. नव्या सरकारला मनात उगवलेली इच्छा कळवून घ्यावयाची आहे. या दोहोंत जो फरक आहे तो जन्मनोंदणीचा दाखला आणि गर्भधारणेची परवानगी यांच्यात असतो तेवढा आहे.

त्याहून विलक्षण गोष्ट ‘प्रलोभन’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. भेटवस्तू, पैसा, नोकरी यांच्या पंगतीला तेथे ‘अधिक चांगले जीवनमान’ आणि ‘दैवी प्रसन्नता’ यांना बसविले आहे. त्यांचे नुसते आश्वासनही प्रलोभनच. आता ही व्याख्या हातात घेऊन आपल्याच देवळाच्या पायऱ्या चढून पाहा. गोमंतकातील आपल्या देवस्थानांत कौल लावतात. मूर्तीस चिकटविलेली पाकळी उजवीकडे गळली की कार्य होणार म्हणून यजमानाचा चेहरा उजळतो. नवस बोलतात तो दैवी प्रसन्नतेसाठी नव्हे तर कशासाठी? आमच्या अशिलांपैकी निम्मे लोक सुनावणीच्या आदल्या दिवशी नवस बोलून येतात. निकाल अनुकूल लागला की नारळ देवास मिळतो आणि आमची फी पुढल्या महिन्यावर जाते. कीर्तनकार उत्तररंगात काय सांगतो? असे वागा, म्हणजे तुमचे भले होईल. भल्या आयुष्याचे आश्वासन काढून घेतले तर जगातल्या कोणत्याही धर्मापाशी बोलण्यासारखे उरते तरी काय? त्या विणकराला प्रार्थनेच्या घरात मिळाले ते एवढेच आश्वासन. दारू सुटेल, घर उभे राहील, देव तुझ्यावर रागावलेला नाही. कायद्याच्या व्याख्येत ते तंतोतंत बसते.

"मग तू माळ का नाही घातलीस?" आम्ही त्याला विचारले. आमच्या भागात आजही कोणाला व्यसन सोडावयाचे असले तर तो तुळशीची माळ घालतो. त्याला ना घोषणापत्र लागते ना साठ दिवस.

"घातली होती, साहेब. दोनदा. घातली तेव्हा सगळे पाया पडले. सुटली तेव्हा कुणी विचारलं नाही. इथं एक रविवार चुकला तर दोघं जण घरी येतात."

या उत्तरावर आमच्यापाशी युक्तिवाद नव्हता. आमच्या धर्मात मनुष्याला बदलविण्याचे सामर्थ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्यास आम्ही संतांची अर्धी मालिका उभी करून दाखवू. परंतु ते सामर्थ्य आम्ही कुलूपबंद ठेवले आहे आणि किल्ली वंशावळीला टांगली आहे. देवस्थानच्या महाजनांत नाव घालावयाचे तर बापाचे नाव लागते. मनुष्य कसा वागतो हे कोणी पुसत नाही. जो जन्मला तो महाजन. त्याने पुढे काय व्हावे अशी आमची काही अपेक्षाच नाही, मग तो दुसरीकडे जाऊन काही झाला तर आम्हांस अचंबा कसला?

यावर कोणी म्हणेल की, दारूड्याची गोष्ट सोडा, पण शहाण्यासुरत्याने जाण्याचे कारण काय? तेव्हा शहाण्यासुरत्यांकडेच वळू. पंडिता रमाबाईंचे घराणे किनारपट्टीच्या वाचकांना परके नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे कार्कळजवळच्या माळहेरंबीचे. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकविले, एवढ्या अपराधासाठी उडुपीस पंडितांपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली. त्यांची मुलगी पुढे कलकत्त्यास ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ झाली, विधवा झाली, आणि १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. तिला कोणी काय दिले, कोणी भुलविले, याची चर्चा वर्षानुवर्षे चालली. परंतु स्वतः रमाबाईंनी १९०७ साली आपल्या आत्मनिवेदनात जे सांगितले त्याकडे दोन्ही पक्षांचे लक्ष गेले नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडावयास आणखी आठ वर्षे जावी लागली, असा त्या निवेदनाचा आशय आहे. म्हणजे चर्चच्या वहीत ज्या दिवशी नाव चढले तो दिवस बदलाचा नव्हताच! मधल्या काळात त्यांनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी सिद्धांतांवरून उघड वाद घातले, आणि कोणाच्याही सांगण्यावरून विश्वास ठेवणार नाही असे बजावले. आता साठ दिवस मोजावयाचे ते कोठून? १८८३ पासून मागे की १८९१ पासून मागे? कोणत्या दंडाधिकाऱ्याला हे मोजता आले असते?

नारायण वामन टिळकांची गोष्ट तर आमच्या दारावरून गेली आहे. कोकणात करजगावला १८६१ साली जन्मलेले हे कवी नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी रेल्वेने चालले होते. आम्ही गोंदियाला गाडी धरतो तोच तो मार्ग. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले, गप्पा झाल्या, त्यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तोही हट्टाने एका देशी पाळकाच्या हातून. आजच्या व्याख्येप्रमाणे त्या गृहस्थाने ‘भेटवस्तू’ दिली होती. गोंदियाला गाडी थांबवून त्यास उतरविले असते, तर मराठी भाषा कोणत्या भजनांना मुकली असती याचा हिशेब वाचकांनीच करावा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे टिळक सांगत. पूल आमचा होता, आणि त्यावरून चालत गेलेला मनुष्य आम्ही वाळीत टाकला.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे वकिलाला शोभेल, लेखकाला शोभणार नाही. टिळकांच्या बदलाची किंमत टिळकांनी एकट्याने दिली नाही. लक्ष्मीबाईंना तो आघात वेड लागण्याच्या काठावर घेऊन गेला. नवराबायको जवळजवळ पाच वर्षे दुरावली. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास, जोडीदाराने सोडल्यास, विवाह मोडून घेण्याची वाट दिली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. आणि लक्ष्मीबाई? त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली त्यांना आठवेल की, सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईने जातिभेद टाकला तो बाप्तिस्म्याच्या पाण्याने नव्हे. एका रात्री एकटीने विचार केला, ही माणसाने केलेली उतरंड आहे असे तिला पटले, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास ती मोकळी झाली. बाप्तिस्मा १९०० साली, त्याच्या मागाहून. एका घरातली दोन माणसे, दोन निरनिराळ्या वेळी, दोन निरनिराळ्या कारणांनी बदलली. नवऱ्याने बायकोला भुलविले असेही कोणास म्हणता येणार नाही. ती बाई कोणाला भुलणारी नव्हती, हे पुस्तकाच्या पानापानावर आहे.

मिशनवाल्यांसही येथे दोन शब्द सुनावणे अवश्य आहे. वर्षाकाठी इतकी डोकी पाण्यातून काढली असा हिशेब परदेशी धाडणारी मंडळी होती, आणि दुष्काळात अन्नछत्राच्या दाराशी धर्म शिकविणारीही होती. त्यांच्या लेखी ‘ख्रिस्ती’ हा वहीतला एक रकाना होता. टिळकांनाच हा रकाना शेवटी टोचू लागला. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना एकाच पंगतीत बसविले. बावीस वर्षांपूर्वी जे नाव त्यांनी घरदार पणाला लावून घेतले होते, त्या नावालाही त्यांनी अखेरचा मुक्काम मानले नाही. मनुष्याच्या बदलण्याच्या इच्छेला नाव पुरत नाही. हे आम्हांस कळत नाही, कलेक्टर कचेरीस कळत नाही, आणि चर्चलाही अनेकदा कळलेले नाही.

आता आमच्या स्वतःच्या दप्तराकडे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांचा पोर, मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. बापाने न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने पोर अज्ञान म्हणून बापाच्या स्वाधीन केला. येथवर सारे ठीक. परंतु परत आलेल्या श्रीपतीला पंगतीत घ्यावयास ब्रह्मवृंद तयार होईना! बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास शुद्ध करून घेण्याचा घाट घातला, तर सनातन्यांचा रोष शास्त्रीबोवांवरच उसळला. त्या काळी परत येणे हा गुन्हा होता. २०२१ चा कायदा म्हणतो, पितृधर्मात परत येणे हे धर्मांतरच नव्हे. आणि पितृधर्म म्हणजे मनुष्याच्या जन्मसमयी त्याच्या बापाचा जो धर्म तो. आईचा धर्म कोणता, हे विचारण्याची गरज कायद्याला वाटलेली नाही. आमचा विणकर उद्या बाप्तिस्मा घेऊन परवा परतला, तर परतण्यासाठी साठ दिवस सोडा, साठ निमिषेही लागणार नाहीत. पावणेदोनशे वर्षांत आम्ही दार उलट बाजूने लावून घेतले, एवढाच फरक.

१८९० सालच्या पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी तेथे गेली, पुढे चहा आला, नावे छापून आली आणि धर्मपीठापुढे प्रकरण गेले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. लोकमान्यांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. एक पेला चहा! ज्या समाजात पेलाभर चहाने मनुष्य ख्रिस्ती होऊ शकत होता, त्या समाजाने आज "तो खरोखर मनाने ख्रिस्ती झाला काय?" असे खोल प्रश्न विचारावेत, यावर हसावे की रडावे हे आम्हांस कळत नाही. मसूरकर महाराजांनी १९२८ साली गोव्यातील हजारो गावड्यांना शुद्ध करून हिंदू धर्मात घेतले. त्यांचे आम्ही काय केले? त्यांना ‘नवहिंदू’ म्हटले, आणि पिढ्या उलटल्या तरी त्यातला ‘नव’ गेला नाही.

बळजबरी म्हणजे काय हे या मासिकाच्या वाचकांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. १५६० साली मंगेशाला कुशस्थळीहून उचलून झुवारीपलीकडे प्रियोळात आणावे लागले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि मधली चार वर्षे वगळता १८१२ पर्यंत बसून राहिले. अ. का. प्रियोळकरांनी त्याचा इतिहास लिहिला आहे. त्यातला १७३६ चा जाहीरनामा आम्हांला सर्वांत अधिक बोलका वाटतो. भात मीठ न घालता शिजवावयाचा नाही, अंगणात तुळस ठेवावयाची नाही, अशा आज्ञा त्यात बाटलेल्यांना केल्या आहेत. का? कारण अधिकाऱ्यांना नुसते नाव बदलून समाधान नव्हते. नाव बदललेल्याचे मन बदलले की नाही हे त्यांना तपासावयाचे होते, आणि मन दिसत नाही म्हणून ते स्वयंपाकघरात शिरले. ज्यांच्या पूर्वजांच्या भाताच्या हंड्या अशा उघडून पाहिल्या गेल्या, त्यांनी तरी सरकारला दुसऱ्याच्या हंडीवरचे झाकण काढण्याचा अधिकार देताना दहा वेळा विचार करावयास हवा होता. दोन्हींची क्रूरता सारखी आहे असे आम्ही म्हणत नाही; तेथे जाळीत होते, येथे तारीख देतात. परंतु दोन्हीकडची जिज्ञासा एकाच जातीची आहे.

या कायद्यांचे मूळ नागपुरात आहे. जुन्या मध्यप्रदेश सरकारने १९५४ साली मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष. समिती अकरा हजारांहून अधिक लोकांस भेटली आणि १९५६ साली तिचा अहवाल निघाला. धर्मांतरावर कायद्याने नियंत्रण असावे ही तिची शिफारस. १९६८ च्या कायद्याचा पाया तो. त्याच १९५६ सालच्या ऑक्टोबरात, त्याच नागपुरात, डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या प्रसंगी ज्या प्रतिष्ठितांनी धर्म बदलला त्यांत धनंजय कीरांनी एक नाव नोंदविले आहे: न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी.

आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि पुन्हा उघडून पाहिले. धर्मांतरांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्तींना स्वतःस धर्म बदलावासा वाटला! त्यांचा उपहास आम्ही मुळीच करीत नाही. उलट, एक वयोवृद्ध विद्वान आयुष्याच्या उत्तरार्धात असे पाऊल टाकतो याचा आम्हांस आदरच वाटतो. त्यांना कोणी विचारले नाही की, आपणांस काय प्रलोभन मिळाले? विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. न्यायमूर्तींस स्वतःचे मन आहे हे सर्वांनी गृहीत धरले. आमच्या विणकरालाही ते असू शकते, एवढेच गृहीत धरावयाचे आहे.

ते कायदा धरीत नाही. स्त्री, अज्ञान मूल, अनुसूचित जातीचा अथवा जमातीचा मनुष्य, या सर्वांना त्याने एकाच ओळीत बसविले आहे. यांपैकी कोणाचे अवैध धर्मांतर केल्यास शिक्षा दोन ते दहा वर्षे, एरवी एक ते पाच. हेतू संरक्षणाचा आहे असे सांगतात. पण आमच्या जिल्ह्यात बैहरच्या बाजूचा गोंड आणि बैगा पन्नाशीचा झाला तरी कायद्याच्या डोळ्यांत पोरच राहावयाचा, आणि डॉक्टर झालेली बाईही पोरच. लबाडीने, धमकीने, लाच देऊन कोणी कोणास ओढीत असेल तर त्याला खुशाल तुरुंगात घाला. फसवणुकीला आणि धाकदपटशाला फौजदारी कायद्यात आधीपासून कलमे आहेत, आणि आम्ही स्वतः फिर्यादीचे वकीलपत्र घेऊ. येथे मात्र गुन्हा घडलेला नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. न्यायालयात बत्तीस प्रकारे उलटतपासणी करूनही आम्हांस एका साक्षीदाराच्या मनात काय होते हे नीटसे सांगता येत नाही. तेथे पाळकाने दुसऱ्याच्या मनात काय नव्हते हे सिद्ध करावयाचे!

१९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ चा कायदा उचलून धरला. धर्माचा प्रसार करण्याचा अधिकार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार नव्हे, असा तो निर्णय. सभामंडपातले वक्ते तो नेहमी सांगतात. त्यांनी घटनेचे पंचविसावे कलम एकदा उघडून शब्दांचा क्रम पाहावा. प्रसार शेवटी आहे. सर्वांत आधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. त्या खटल्यात प्रश्न बदलविणाऱ्याच्या हक्काचा होता. बदलणाऱ्याचा हक्क पुढे आला तो फार उशिरा. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ साली तेथील आगाऊ नोटिशीचे कलम रद्द केले. आमच्या जबलपूरच्या न्यायालयानेही २०२२ च्या नोव्हेंबरात दहावे कलम प्रथमदर्शनी घटनाबाह्य वाटते असे म्हटले, आणि ते मोडले म्हणून कोणावर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. अंतरिम आदेश हा अंतरिमच. त्याच्या भरवशावर मजुरीवर जगणाऱ्या मनुष्यास "जा, काही होत नाही" असे सांगण्याची आमची छाती झाली नाही.

शिवाय त्याचा दुसरा प्रश्न होता. तो अनुसूचित जातीचा आहे. "माझ्या जातीच्या दाखल्याचं काय होईल?" १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदू असावा लागतो, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध चालतो, ख्रिस्ती चालत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईचा दाखल्याचा दावा फेटाळला: मनाने व आचरणाने ख्रिस्ती राहून केवळ सवलतीसाठी हिंदू म्हणविणे ही घटनेशी प्रतारणा आहे. कायद्याचा अर्थ म्हणून ते बरोबर असेल. सवलतींना आमचा विरोध नाही. शतकानुशतकांच्या अन्यायाची ती तुटपुंजी भरपाई आहे. परंतु बाप्तिस्म्याच्या दिवशी तो अन्याय पुसला जातो, गावातली विहीर आणि वरातीची वाट त्या दिवसापासून निराळी वागते, असे मानणाऱ्याने आमच्या गावी येऊन चार दिवस राहावे. जाण्यासाठी काय दिले याची चौकशी करण्यास अख्खी यंत्रणा सज्ज आहे. राहण्यासाठी काय रोखून धरले आहे, ते विचारणारे घोषणापत्र अजून कोणी छापलेले नाही.

आमचे सद्गृहस्थ परवा पुन्हा भेटले. त्यांना आम्ही एवढेच म्हटले की, सुधारायला येथेच राहा असे सांगण्याचा अधिकार ज्याला पाहिजे त्याने त्या विणकराच्या घरी एक रविवार जाऊन यावे. ते हसले. पुढल्या रविवारी उत्सवसमितीची बैठक होती.

विणकर सध्या पूर्वीप्रमाणेच प्रार्थनेस जातो. पाळक त्याचे नाव वहीत घेत नाही, कारण त्यास स्वतःची बायकामुले आहेत. शेजारी त्यास ‘ख्रिस्तान’ म्हणतात, सरकारी दाखला हिंदू म्हणतो. दारू सुटलेलीच आहे; मध्यंतरी हप्त्याने एक जुना माग घेतला. घोषणापत्राचा मसुदा आम्ही त्याला लिहून दिला होता. त्याने तो वाचवून घेतला, "स्वेच्छेने" या शब्दावर बोट ठेवून "हे खरं आहे" म्हणाला, आणि कागद आमच्याकडेच ठेवावयास सांगितला. तो आमच्या टेबलाच्या खणात आहे. तारखेची जागा कोरी आहे.